निम्म्या उंचीवरची रुंदी

सरांकडे कुणी गेलं की ते आधी त्याची नखं बघायचे. नखांत माती असली तर खुर्ची, नसली तर स्टूल. मी नांदुऱ्याजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा माझी नखं स्वच्छ होती, त्यामुळे पहिलं वर्ष मी स्टुलावर काढलं. प्राचार्य कायमच स्टुलावर असत. सरांकडे खुर्ची एकच आहे आणि ती मोडकी आहे अशी त्यांची समजूत होती. ती कुणी दूर केली नाही.

सर भूगर्भशास्त्राचे. पन्नाशी उलटलेली, अंगावर बारमाही खाकी जाकीट, त्याला खिसेच खिसे आणि प्रत्येक खिशात माती. नाल्याची, विहिरीतून निघालेली, कुणाच्या पडक्या भिंतीची. एसटीत तिकिटाचे पैसे काढायला हात घातला की आधी ढेकूळ बाहेर यायचं. त्या मार्गावरचे कंडक्टर सरावले होते. "सर, हे नाही चालत, दुसरं काढा," एवढंच म्हणायचे.

आणि सर माती चाखायचे. नवीन ढेकूळ दिसलं की त्याची कड जिभेला लावायची, डोळे मिटायचे, जरा थांबायचं. बारीक चिकणमाती जिभेला चिकटते, वाळू असली तर दाताखाली कचकचते. एवढं त्यांना तिथंच कळायचं. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्यानं विहीर खणायला काढली आहे असं समजलं, तर पानातली जिलबी सोडून सर त्याच्या चपलांच्या तळव्यांकडे बघत बसायचे.

बाकीचं त्यांना यंत्र सांगायचं. कुठलीशी सिमेंटची फॅक्टरी बंद पडली, तिच्या प्रयोगशाळेतलं जुनं क्ष-किरण यंत्र भंगारात निघालं, आणि सरांनी ते पदरमोड करून उचललं. जिनिंगवर कापूस उतरवून परतणाऱ्या ट्रकमधून ते आलं, तेव्हा पिंजाऱ्याच्या दुकानातून उठून आल्यासारखं दिसत होतं. जिमखान्यामागच्या खोलीत ते बसवलं. दाराला शिशाचा पत्रा, वर लाल दिवा, बाहेर पाटी.

एक्स-रेची मशीन आली ही बातमी मात्र पाटीपेक्षा वेगानं पसरली. आठवड्याच्या बाजाराला आलेली माणसं जाता जाता दारात थांबायची. कुणाचा गुडघा, कुणाचं मनगट. एक जण तर लंगडणारा बैल घेऊन आला.

"डाक्टर, याचा खूर पाहा."

"भाऊ, ही मशीन हाडं नाही पाहत. माती पाहते," सर म्हणाले.

"मंग मातीच गेली हाय ना त्याच्या खुरात! पाहा."

सरांना हा युक्तिवाद बिनतोड वाटला. ते खाली बसले, बैलाच्या खुरातली वाळून दगड झालेली माती चमच्यानं उकरायला लागले, आणि तिच्यामागून बाभळीचा चांगला लांब काटा निघाला. बैल चालत घरी गेला. माणूस तालुकाभर सांगत फिरला की त्या मशीनीच्या नुसतं दाराशी उभं केलं तरी गुण येतो. नंतरचे दोन महिने जिमखान्यामागं शेणाचा वास होता.

यंत्र खरोखर काय करतं, हे सर वर्गात पत्त्यांचा कॅट घेऊन समजवायचे. चिकणमाती म्हणजे पानं. डोळ्यांना न दिसणारी, एकावर एक रचलेली. काही मातीत ती नव्या कॅटसारखी काठाला काठ लावून बसलेली असतात. काही मातीत रमीचा डाव उधळल्यासारखी. क्ष-किरण नीट रचलेल्या पानांवरून परतले की कागदावर सुईसारखं टोकदार शिखर उमटतं. विस्कटलेल्या पानांवरून परतले की नुसतं टेकाड, पसरट आणि आळशी. मग पट्टी घ्यायची, शिखराची उंची मोजायची, तिच्या निम्म्यावर आडवी रेघ मारायची आणि तिथली रुंदी बघायची. रुंदी जितकी जास्त, तितकी आतली मोडतोड जास्त.

"आन मोडतोड म्हणजे वाईट नाही बरं," ते बजावायचे. "पानं सैल असली त पाण्याले मंधात शिरता येते. माती फुगते, भेगा बुजवते, पाणी धरते. सुईसारखी माती अडेलतट्टू. पाणी आलं काय, गेलं काय, तिचं काही हालत नाही."

माणसांनाही ते हीच पट्टी लावायचे. प्राचार्य सुई. काकू, म्हणजे सरांची बायको, टेकाड, आणि हे सर कौतुकानं सांगायचे. माझ्याबद्दल एकदा म्हणाले, "मॅडम, तुम्ही तशा टोकदार हा. पण निम्म्या उंचीवर थोडी रुंदी दिसून राह्यली. आशा आहे."

मातीची पूड ताटलीत भरायची त्यांची रीत ठरलेली होती. चहाच्या गाळणीतून ती अलगद भुरभुरायची. विद्यार्थी काचेनं दाबून सपाट करायला गेले की सर हात धरायचे. दाबलं की पानं नाइलाजानं एका बाजूला तोंड करतात आणि विस्कटलेली मातीसुद्धा शिस्तीची दिसते. "एकदम व्यवस्थित माणूस दिसला ना, की मले शंका येते," ते म्हणायचे. "कोणंतरी दाबून बसवला असंन."

ती गाळणी काकूंची होती. लाटणंही काकूंचं. इडलीपात्राच्या खळग्यांत नमुने वाळत असायचे. शिवाय यंत्राला गार ठेवायला सतत पाणी लागायचं. गावाला टँकर, विजेचं भारनियमन, तरी यंत्राच्या खोलीत ड्रम भरलेला. काकू मला म्हणायच्या, "पाह्य व माय, मशीनले आंघोळ आन आमाले ओला फडका. हिच्याशीच लगन लावून द्या म्हनलं यायचं."

ती वर्षं बीटी कपाशीची. बियाण्याच्या पाकिटासाठी कृषी केंद्रापुढे पहाटेपासून रांगा लागायच्या आणि पाकिटातून काय उगवेल याचा भरवसा नसायचा. वेचणीच्या दिवसांत वर्ग निम्मे रिकामे. हजेरी घेताना कुणी नसलं की कारण विचारायला मी कचरायची, कारण दर वेळी कारण वेचणीच असेल असं नव्हतं. सर या विषयावर बोलायचे नाहीत. फक्त त्या काळात कुणी शेतकरी माती घेऊन आला की ते वर्ग सोडून उठायचे.

त्याच वर्षांतल्या एका मे महिन्यात नसीमभाभी आली. मोताळ्याकडच्या एका खेड्यातली, चाळिशीची, आवाज असा की ट्रॅक्टरच्या वर ऐकू यावा. ओढणीच्या दोन टोकांना दोन ढेकळं बांधलेली. सरांनी नखं बघितली आणि खुर्ची पुढं केली.

"सर, तुमची मशीन मातीसंगं बोलते म्हने. तिले विचारून सांगा, यातली कोनती पानी धरते?"

तिनं, तिच्या नवऱ्यानं आणि शेजारच्या तीन घरांनी मिळून तळं खणलं होतं. खाली लागला मुरूम. मुरमात पाणी ठरत नाही, आणि प्लास्टिकचं अस्तर त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा चिकणमातीचा थर तुडवून बसवायचा, असं ठरलं. माती दोन ठिकाणी मिळत होती. एक नाल्यातली काळी, आणि दुसरी रस्त्याच्या खोदकामात निघालेली हिरवट राखाडी. दोन्ही आणण्याइतकं डिझेल आणि दिवस त्यांच्याकडे नव्हते.

"एवढी घाई आहे का?" मी विचारलं.

"मले नाही मॅडम, आभायाले हाय. मागल्या साली बोंडं धरली आन पानी गायब. पाकिटावर अळीचं लिवलं होतं, तहानेचं कोणं लिवलं नवतं. औंदा तळं ठरलं नाही, त वावर मक्त्यानं दुसऱ्याच्या हाती जाईन आन हे जातीन सुरतेले मजुरीले." हे म्हणजे नवरा. तो दाराबाहेर लाल दिव्याकडे बघत उभा होता.

मी व्यवहारी बाई. तिथल्या तिथं दोन स्टीलच्या ग्लासांत पाणी घेऊन दोन्ही ढेकळं टाकली. दोन्ही फुगली. माझं शास्त्र तिथं संपलं आणि सरांचं सुरू झालं.

काळीचा नमुना रीतीप्रमाणे झाला. अकीकाच्या खलात हलक्या हातानं कुटून, भुरभुरून, यंत्रात. जरा वाळू, जरा चुनखडी, आणि मध्ये एक बऱ्यापैकी टेकाड. मग हिरवीची पाळी आली आणि सरांच्या हातातून खल पडून त्याचे दोन तुकडे झाले. वीज जायला थोडा वेळ उरलेला. ढेकूळ पाण्यात भिजवून मोकळं करायचं तर ड्रममध्ये यंत्रापुरतंच पाणी. सर घरी गेले आणि काकू शेजारी गेल्या आहेत हे बघून, ढेकळं फोडण्यापुरती एकच गिरकी, असं स्वतःला सांगत माती मिक्सरमधून काढून आणली.

कागद सरकायला लागला. लेखणी उडाली. सुईसारखं शिखर, मग दुसरं, मग शिखरांची रांगच. सर खुर्चीवरून उठले. मातीत इतकी शिस्त त्यांनी जन्मात बघितली नव्हती. त्यांनी खनिजांच्या कार्डांचा खोका काढला आणि एकेक कार्ड लावून पाहिलं. एकही जुळेना. त्यांच्या कार्डांत सगळी खनिजं होती, स्वयंपाकघर नव्हतं.

"मॅडम," ते कुजबुजले, "हे नवीन आहे."

"पण सर, ग्लासात तर फुगली होती."

"तुम्ही ग्लासावर विश्वास ठेवता का यंत्रावर?" असं म्हणून ते खोलीभर नाचले. खरोखर नाचले, लग्नाच्या वरातीत नाचतात तसे, रुमाल काढून. मग भाभीला निरोप गेला: हिरवी टोकदार आहे, पाणी धरणार नाही, काळी टाका.

प्राचार्यांना कळल्यावर बातमी सरांच्या हातात राहिली नाही. जूनच्या सुरुवातीला संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस होता. अध्यक्षांचं आडनाव ढोले. खनिजाला 'ढोलाइट' म्हणावं हे प्राचार्यांनी चहा संपायच्या आत ठरवलं. सभागृहात पाठीमागे भिंतभर फ्लेक्स लागला. एका कडेला अध्यक्षांचा फोटो आणि बाकी सगळीकडे सरांचा आलेख, माणसाएवढ्या शिखरांचा.

सरांना शाल मिळाली, नारळ मिळाला. अध्यक्षांना काचेच्या बाटलीत ढोलाइट मिळालं. सर रंगात आले होते. "साहेब, जिभेला लावून पाहा," ते माइकवरून म्हणाले. "अस्सल चिकणमाती जिभेला चिकटते."

अध्यक्षांनी बोट बुडवलं आणि चाखलं. पुन्हा बुडवलं.

"अरे वा," ते म्हणाले. "ही तर गोड लागते!"

टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी माइक ओढून घेतला आणि जगातलं पहिलं गोड खनिज आपल्या तालुक्यात सापडल्याचं जाहीर केलं. आणखी टाळ्या. सरांनी बाटली घेतली, जीभ लावली, डोळे मिटले. त्या सभागृहात त्या क्षणी दोनच माणसांना सगळं कळलं. एक सर. दुसऱ्या काकू, ज्या त्या दिवशी भाचीच्या रुखवताच्या लाडवांची निम्मी साखर दळून, भांडं तसंच ठेवून शेजारी गेल्या होत्या आणि उरलेली परत येऊन त्याच मिक्सरमध्ये दळली होती. त्या बायकांच्या रांगेत ताडकन उभ्या राहिल्या.

"अवो! माह्या मिक्सरमंदी माती वाटली तुमी?"

"हाव," सर माइकवरूनच म्हणाले.

"तरीच म्हनलं, लाडू कचकच काऊन करते! दोनशे पाहुन्याईनं खाल्ले ना ते!"

मी रुमालात तोंड लपवून हसले. सर मात्र हसत नव्हते. ते प्रेक्षकांकडे पाठ करून फ्लेक्सकडे बघत होते. मग त्यांनी नारळ धरलेला हात वर केला आणि शिखरांच्या पायथ्याशी नेला. तिथं, सगळ्या सुयांच्या खाली, एक रुंद, पसरट, आळशी टेकाड होतं. आम्ही सगळ्यांनी ते पंधरवडाभर बघितलं होतं आणि कुणालाच दिसलं नव्हतं.

"सुया साखरेच्या आहेत," ते माइकमध्ये म्हणाले. "माती ही आहे, खालची. असली सैल माती मी आजवर पाहिली नाही. मीच गाढव." मग एकदम ओरडले, "मॅडम! भाभीची ट्रॉली आजपासून चालू झाली!"

मोबाईल तेव्हा घरात एक असायचा. भाभीच्या घरातला नवऱ्याच्या खिशात होता आणि नवरा ट्रॅक्टरवर. तीनदा लावला, कुणी उचलला नाही. मी स्कूटी काढली. सर मागं बसले, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. मागून प्राचार्य "सर, आभारप्रदर्शन!" म्हणून ओरडत होते. मी नवरदेव पळवून नेत असल्यासारखे रस्ताभर लोक बघत होते. एका फाट्यावर कुणी तरी विचारलंच, "बाई, कुठी घेऊन चालल्या त्याले?"

आम्ही पोचलो तेव्हा काळीच्या दोन ट्रॉल्या तळ्याच्या काठावर पडल्या होत्या आणि भाभी फावडं घेऊन उभी होती. सर उतरले आणि थेट म्हणाले, "भाभी, चुकलो. काळी नको. हिरवीच पाहिजे."

"चुकले म्हंजे? दोन खेपा झाल्या सर."

सरांनी सगळं सांगितलं. खल, मिक्सर, साखर, अध्यक्षांचं बोट. काही लपवलं नाही. भाभीनं आधी तोंडावर ओढणी धरली, मग फावडं टाकलं, मग ढिगावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नवऱ्यानं ट्रॅक्टर बंद करून विचारलं, काय झालं. तिला सांगताच येईना.

हसून झाल्यावर तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि आवाज खाली आणला. "सर, आता मजाक नाही. डिझेल एकाच मातीचं उरलं हाय. पक्कं सांगा."

सरांना यंत्रावर बोट ठेवून सुटता आलं असतं. ते म्हणाले, "यंत्र तेव्हाही खरंच बोललं होतं. मीच फक्त टोकं पाह्यली. पक्कं सांगतो भाभी, हिरवी. नाही ठरलं पाणी, त माही मशीन भंगारात टाका आन प्लास्टिक आणा."

भाभीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं ट्रॅक्टर रस्त्याच्या खोदकामाकडे वळवला.

सरांनी सत्काराचा नारळ ट्रॅक्टरच्या हुकावर फोडून सगळ्यांना वाटला. मग माती पसरून, पाणी मारून तुडवणं सुरू झालं. चार घरची माणसं, दोन बैल, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून शाल डोक्याला बांधलेले सर. मी काठावर उभी होते. "मॅडम, तुमाले काय निमंत्रण पाहिजे?" भाभी ओरडली. मी चपला काढल्या. ती माती बोटांच्या फटींतून अशी शिरते की तिला पायानं ओळखता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. दमल्यावर भाभीनं चहा दिला. "साखर हाय सर," ती म्हणाली, "पन पिसलेली नाही. भिऊ नका."

पुढच्या सोमवारी सरांनी माझ्या नखांकडे बघितलं आणि खुर्ची पुढं सरकवली. काकूंनी तो मिक्सर घरात घेतला नाही. तो कायमचा प्रयोगशाळेत आला, त्यावर सरांनी लिहिलं: 'फक्त माती'. अध्यक्षांनी झाल्या प्रकाराबद्दल राग धरला नाही. प्राचार्यांनी धरला.

पाऊस आला, तळं भरलं, आणि बोंडं धरायच्या वेळेला, मागच्या साली गेला तसाच, पाऊस गेला. उघाड लांबली. सर दर रविवारी एसटीनं जायचे. पाणी किती उतरलं ते कळावं म्हणून काठाशी पाण्यात एक तुराटी रोवली होती, तिच्याकडे बघायचे आणि परत यायचे.  तिसऱ्या रविवारी भाभीचा फोन कॉलेजात आला. पलीकडून इंजिनाचा आवाज, त्याच्या वर तिचा.

"मॅडम, सरायले सांगा, तुराटीकडं पाहू नका म्हना. कपाशीकडं पाहा! पानी देऊन राह्यलो!"

पलीकडच्या शिवारात त्या साली बरंच जळलं, तेही खरं आहे. पण भाभीचं वावर मक्त्यानं गेलं नाही, नवरा सुरतेला गेला नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच शिवारातल्या आणखी दोघांनी हिरव्या मातीसाठी ट्रॅक्टर लावला.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी अजून अधूनमधून जाते. त्यांच्या बैठकीत एकच चित्र आहे, तोच साखरेचा आलेख, चांगल्या चौकटीत. मध्यंतरी मी गेले होते तेव्हा एक नवा प्राध्यापक भेटायला आलेला होता, इस्त्रीच्या कपड्यात. सरांनी त्याची नखं बघितली आणि त्याला स्टुलावर बसवलं. मी खुर्चीत होते. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "काय सुंदर शिखरं आहेत, सर! कोणतं खनिज?"

"साखर," सर म्हणाले. "सगळ्या आयुष्यात काढलेला सगळ्यात देखणा आलेख."

मग सरांनी त्याला मिक्सरपासून तळ्यापर्यंत सगळी गोष्ट सांगितली. तेवढ्यात आतून काकूंनी लाडवांची ताटली आणून ठेवली आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. प्राध्यापकानं घाईनं स्वतःच्या हातातला लाडू न्याहाळला. मग जरा धीर करून विचारलं, "आणि तो दुसरा? मातीचा, बरोबरचा? तो नाही लावला?"

"तो कसा लावणार?" सर म्हणाले. "त्याच्यावर तळ्याचं पाणी आहे ना."